बापूरावांच्या पहाऱ्यात अकरा महिने

सेवेला निघताना चर्चनं आम्हाला एक जाडजूड वही दिली. रोज कुठं गेलात, कुणाला भेटलात, किती वेळ बसलात, नवीन माणूस कोण जोडला गेला, असे रकाने आखलेले. दिवसाचा रिपोर्ट चार ओळींत संपतो, पण खरं जे घडतं ते त्यातल्या एकाही रकान्यात बसत नाही! ते डोक्यात साठत राहतं आणि समोर कुणी चहा घेऊन बसलं की बाहेर पडतं. आज तुम्ही सापडलात.

आधी ओळख सांगते. मी निवृत्त नर्स, आमचे हे निवृत्त मास्तर, मूळचे नगरचे. मुलं मार्गाला लागली होती, गुडघे अजून शाबूत होते, म्हणून ज्येष्ठ मिशनरी जोडपं म्हणून नाव दिलं. सेवा दोन वर्षांची, नेमणूक परभणी जिल्ह्यात सेलूला.

ह्यांचा स्वभाव असा, की समोरचा सांगेल ते खरं. माझं अगदी उलटं. तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. पेशंट 'गोळी घेतली' म्हणाला तरी गादीखाली हात घालून बघायचे, आणि गोळी तिथंच असायची! संशयात आपला हात कुणी धरणार नाही असं मला वाटायचं. मग आम्हाला घरमालक भेटले.

*

सेलूत चार ठिकाणी 'खोली आत्ताच गेली' असं ऐकलं. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी बोलणाऱ्याच्या डोक्यावरच लटकलेली! पाचवं घर बापूरावांचं. वय सत्तरीच्या पुढं, शेती मुलाच्या हाती, आणि स्वतः दिवसभर ओट्यावर.

"काम काय करता तुमी?" त्यांनी विचारलं.

"लोकांच्या भेटी घेतो," हे म्हणाले.

"कामून?"

"विचारपूस करायला. कुणी आजारी असतं, कुणी एकटं असतं."

"विचारपूस करून काय मिळतं?"

"चहा," हे म्हणाले.

मी डोळे मिटले. ही खोलीही गेली, असं मला वाटलं.

"घरदार सोडून इतक्या लांब च्या प्यायला आलाव?" बापूराव म्हणाले. "हे बगा मास्तर, अकरा महिन्यांचा करार. मी ध्यान ठेवून ऱ्हाईन. एक जरी मानूस तुमी तुमच्या धरमात फोडला तर सामान रस्त्यावर!"

आम्ही कुणाला फोडत नाही, कुणी आपणहून विचारलं तरच आमच्या श्रद्धेबद्दल बोलतो, असं ह्यांनी शांतपणे सांगितलं.

"सगळे आसंच मनतेत," म्हणत बापूरावांनी किल्ली दिली. दुसरी किल्ली मात्र स्वतःच्या कमरेला ठेवली. मी त्याच संध्याकाळी आतून एक कडी बसवून घेतली.

*

आमच्या सेवेचा एक रूल आहे, भेटीला जायचं ते जोडीनंच. एकट्यानं कुणाच्या घरी जायचं नाही. त्यामुळे आम्ही दोघं रोज सकाळी एकाच वेळी, एकमेकांच्या शेजारून चालत निघायचो. इथं नवरा चार पावलं पुढं आणि बायको मागं असं चालायची पद्धत, त्यामुळे सगळी गल्ली बघत राहायची.

आठवडा झाला आणि बापूरावांच्या बायकोनं, गयाबाईंनी, मला नळावर बाजूला घेतलं.

"बाई, कवापासून हाय हे?"

"काय कवापासून?"

"मास्तरचं वो! बाई संगं आसल्याबिगर ज्याला घराभाईर सोडता येत न्हाई, त्याला कसला नाद आसतोय ते आमाला कळत न्हाई व्हय?"

मी बादली खाली ठेवली आणि त्यांना सगळा रूल समजावून सांगितला. त्यांनी मन लावून ऐकलं आणि मान डोलावली.

"रूल लय चांगला हाय. आमच्यात बी पायजे व्हता!"

मी हसत घरी आले खरी, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. पुढच्या आठवड्यात हे एकटेच कटिंगला गेले आणि तास झाला तरी परतले नाहीत. आल्यावर म्हणाले, नंबर होता. मी मागून मान तपासली. केस कापलेले होते.

*

आता पाथरीच्या सरूबाईंचं सांगते, कारण माझा जीव सगळा तिथं अडकलेला होता. चर्चच्या जुन्या सभासद. तीन वर्षांपासून अंथरुणावर, पाठीला तळहाताएवढी जखम. सून दिवसभर मजुरीला. आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी जायचो. मी जखम धुऊन ड्रेसिंग करायचे, बाकीचे दिवस सुनेला शिकवून ठेवलं होतं. आम्ही सेलू सोडलं तर त्या जखमेकडे कोण बघणार, हा एकच घोर मला होता. बाकी मला कसली भीती नव्हती, बापूरावांचीसुद्धा नाही.

एका मंगळवारी पाथरीच्या एसटीत बसलो. मागच्या सीटवर एक माणूस, तोंडावर पूर्ण टॉवेल. ती धोतराची किनार मी रोज वाळत घातलेली बघत होते!

मी मागं वळून म्हणाले, "बापूराव, उन्हाचा त्रास होतोय का?"

टॉवेलाच्या आतून आवाज आला, "कोन बापूराव?"

उतरल्यावर ते आमच्या मागं वीस पावलं अंतर ठेवून आले. सरूबाईंकडे नेहमीसारखं एक स्तोत्र वाचलं, प्रार्थना झाली आणि मी ड्रेसिंगला बसले. मग सरूबाईंनी उशाखालून पेपर काढला. ही त्यांची ठरलेली फर्माईश. ह्यांनी राशिभविष्य वाचून दाखवायचं!

मी किती वेळा म्हटलं, सरूबाई, आपल्यात हे चालत नाही. त्या म्हणायच्या, "देव माजा त्योच हाय गं बाई. पर पेपरवाल्यानं काय लिवलंय ते तर कळू दे!"

हे वाचू लागले, "मेष. प्रवासाचे योग. नवी वस्त्रे लाभतील."

तीन वर्षं ज्या बाईनं दार ओलांडलं नव्हतं ती इतकी हसली, की मला हातातला चिमटा बाजूला ठेवावा लागला. "सोनपेठला जाते मग, माहेराला!" त्या म्हणाल्या. आणि तेवढ्यात खिडकीत कुणीतरी खाकरलं.

खिडकीच्या गजांत बापूरावांचं डोकं होतं. "मास्तर, तुमच्यात हे चालतं व्हय?"

"चालत नाही," मी तोडून म्हणाले.

बापूराव गज धरून उभेच राहिले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "वृश्चिकाचं बी बगा की."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूराव पेपर घेऊन आमच्या दारात हजर! चष्मा फुटलाय म्हणाले. चष्मा त्यांच्या कोपरीच्या खिशात होता, मला काच दिसत होती.

चहा बशीत ओतायला गेले, तो बशीच्या बाहेर. मी ओळखलं. "बापूराव, मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून घ्या."

"तुमचा सगळ्यावर शक!" ते फणकारले. "मला मुंगी बी दिसती." आणि पेपर ह्यांच्यापुढं उलटा धरला.

तेव्हापासून रोज सकाळी वाचन सुरू झालं. मी ह्यांना आत बोलावून बोलायचं तेवढं बोलले. आपण सेवेला आलोय की भविष्य सांगायला? हे म्हणाले, "माणूस आपणहून विचारायला आला, मी वाचून दाखवलं. रूलच आहे आपला." त्या माणसाशी भांडताच येत नाही!

*

बापूरावांचा ह्यांच्यावर भरवसा बसला तरी माझ्यावर बसला नव्हता. नाताळात मी करंज्या केल्या आणि ताट घेऊन बापूरावांकडे गेले. त्यांनी एक करंजी उचलून कानाजवळ हलवली.

"आत काय हाय?"

"खोबरं."

"आनि?"

"साखर, वेलदोडा."

"आनि?"

"आणि काही नाही, बापूराव."

"मग घरोघर वाटता कशाला? आदी तुमी खा."

मी एक खाल्ली. ते माझ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, वरची खाल्ली, आता खालची खा. ती खाल्ली. मग मधली. सहावी करंजी माझ्या घशाखाली उतरली तेव्हा कुठं बापूरावांची खात्री पटली. त्यांनी ताटात हात घातला, तर ताट रिकामं!

"बग गं," ते आत गयाबाईंना ओरडून म्हणाले, "आनल्या आमाला आनि खाल्ल्या हिनंच!"

*

शनिवार आमचा सुट्टीचा वार. थंडीत एकदा दशम्या, लसणाची चटणी बांधून सोनपेठची एसटी धरली आणि पुढं गोदावरीच्या काठी एका गावी गेलो. मी पाण्यात पाय सोडून बसले. हे छत्री लावून उभे, हातात तीच रिपोर्टची वही. नदी कशी वळते ते काढत होते. चित्रकलेची परीक्षा दिलीय त्यांनी लहानपणी.

पात्रात तीन ट्रॅक्टर वाळू भरत होते. बघता बघता एकेक स्टार्ट झाला आणि तिन्ही झाडीत गडप! पाचच मिनिटांत दोन माणसं पळत आली, सोबत दोन कप चहा आणि खारी.

"साहेब, आमी ट्रॅक्टर धुवायलाव निस्ते," एक जण घाम पुसत म्हणाला.

"छान," हे म्हणाले आणि वहीत आणखी एक रेघ ओढली.

तो आणखी घाबरला. "साहेब, लिवू नका की! कोन्या ऑफिसातून आलाव ते तर सांगा."

खोटं बोलणं ह्यांच्या रक्तात नाही. "आम्ही कुठल्या ऑफिसचे नाही. आम्ही मिशनरी आहोत."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एक जण मटकन वाळूत बसला. "आसं व्हय! मग काय टेन्शन न्हाई!"

अख्ख्या जिल्ह्यात आम्ही मिशनरी आहोत हे ऐकून हायसं वाटलेली ती पहिली माणसं. मला मात्र चहा गोड लागेना. खारीत काही घातलंय का, हे मी मोडून बघितलं.

*

उन्हाळा लागला आणि नगरहून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर, आणि आमच्या भिंतीपलीकडे बापूरावांचा ओटा.

"मास्तर, दहा महिने झाले," साहेब म्हणाले. "नवीन माणूस जोडला गेल्याचा रकाना कोराच आहे. तुम्हाला दुसरीकडे हलवावं म्हणतो. मी स्वतः येऊन वही बघतो."

मी रात्रभर तळमळले. माणूस जोडला तर बापूराव बाहेर काढणार, नाही जोडला तर साहेब. आणि सरूबाईंची जखम आता कुठं भरत आली होती, तळहाताएवढी होती ती रुपयाएवढी झाली होती. मला खरंच रडू आलं.

साहेब आले ते नेमके करार संपायच्या आठवड्यात. पोहे झाले, चहा झाला, वही उघडली. साहेब पानं उलटत गेले.

"एकही नाव नाही, मास्तर?"

मी सरूबाईंचं सांगितलं, जखमेचं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. "ते मोलाचंच आहे, बाई. पण त्या आपल्याच आहेत. नवीन कोण?"

तेवढ्यात दारात बापूराव! कडक इस्त्रीचं धोतर, टोपी, कमरेला आमची किल्ली. हा माणूस साहेबांसमोरच सामान बाहेर काढणार, अशी माझी खात्री होती.

ते न विचारता खुर्चीवर बसले. "मी घरमालक. मी येतो की रोज हिथं! रोज सकाळी. मास्तर वाचतेत, मी ऐकतो. एक दिवस चुकवत न्हाई."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "रोज येता?"

"रोज. ऐकलं न्हाई तर दिवस धड जात न्हाई."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे स्वतःच्या पायांकडे बघत होते.

"काही अनुभव आला का तुम्हाला?" साहेबांनी विचारलं. पेन कोऱ्या रकान्यावर टेकलं होतं.

"आवो, अनुभव मनता! परवा वाचलं, प्रवास टाळा. मी परभनीला निगालो व्हतो, न्हाई गेलो. ती जीप वाटंत बंद पडली, सगळे दोन तास उनात!"

पेन थांबलं. "प्रवास टाळा?" साहेब हळूहळू ह्यांच्याकडे वळले. त्यांची नजर मला ओळखीची वाटली. गादीखाली हात घालताना माझी तशीच असायची. "हे कुठल्या पुस्तकातलं, मास्तर?"

ह्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं, पण बापूराव आधी बोलले.

"पुस्तकातलं न्हाई, पेपरातलं. आनि साहेब, ह्यांना नेनार आसाल तर न्या. पर पाथरीच्या त्या म्हातारीची पाठ कोन धुनार आनि आमाला वाचून कोन दाखवनार, तेवढं सांगून जावा."

बापूरावांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढं टेबलावर ठेवली. मग खिशातून आजचा पेपर काढला, ह्यांच्या हातात उलटा दिला आणि साहेबांकडे वळले.

"साहेब, तुमची रास कोनती?"

साहेबांनी एकदा बापूरावांकडे बघितलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि दाराकडे एकदा नजर टाकून हळूच म्हणाले,

"कन्या."