त्या लाइव्ह रेकॉर्डिंगमधला मंगेशचा आवाज

मंगेश मेला.

आधी 'गेला' लिहिलं होतं, खोडलं. गेला म्हटलं की वाटतं, वाडीला प्रॅक्टिसला गेला असेल.

आज सकाळी. हार्ट अटॅक. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीसुद्धा आली नव्हती त्याची. लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: आमचा दोघांचाच बँड. मी गिटार आणि गाणं, मंगेश ड्रम्स. बास नाही, कीबोर्ड नाही. प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारायचंच, "बाकीचे येऊन राहिले का?"

मंगेश म्हणायचा, "आलो ना गा आम्ही. एवढेच आहोत."

गॅरेज रॉक म्हणतात या प्रकाराला. आमचं गॅरेज म्हणजे वाडीतलं त्याच्या मामाचं गोडाऊन. बाहेर ट्रक रिव्हर्स घ्यायचे, आत आम्ही त्यांच्यावर आवाज चढवायचो.

मी गाताना डोळे मिटते आणि मग गाणं कुठे वळतं तेच विसरते. म्हणून मंगेश मागून ओरडायचा. दर गाण्यात.

"थांब वं!"
"चाल आता!"
"रेणू, काहून पळून राहिली?"

दोघांच्या बँडमध्ये तिसरं कोण सांगणार? आमची पद्धतच ती.

गेल्या महिन्यात आमचा पहिला मोठा कार्यक्रम झाला, चक्क तिकीट लावून. अख्खा लाइव्ह रेकॉर्ड केला, अल्बम काढायचा म्हणून. घरी येऊन ऐकलं तर ड्रमच्या माइकमध्ये त्याचं ओरडणं खणखणीत आलेलं.

मी पोट धरून हसले. तो लाजून लाल. "हे नाही ठेवायचं. लोक म्हणतील, ड्रमर आहे का बसचा कंडक्टर."

"राहू दे ना, मजा येते," मी म्हटलं. ऐकेल तर शपथ.

लॅपटॉप घेऊन बसला आणि आपलं एकेक ओरडणं वेचून काढलं. काल संध्याकाळी फाइल आली, सोबत मेसेज: "साफ केलं. आता मी कुठंच ऐकू येत नाही. जुनं उडवलं, लॅपटॉपमध्ये जागाच नव्हती."

एकुलती एक कॉपी उडवायचा येडेपणा आमच्याच बँडला जमू शकतो.

आज घाटावरून आल्यावर फाइल उघडली.

ड्रम्स आहेत. काय वाजवलंय पोरानं!

मग ती जागा आली, जिथे मी हमखास घसरते. कान देऊन बसले. काही नाही.

पुढच्या गाण्यात काही नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. इतक्या सफाईनं काढलंय की कापल्याचंसुद्धा कळत नाही.

अरे गाढवा, एवढं चांगलं काम कशाला करायचं?

त्याच्या भावानं लॅपटॉप उघडून दिला. सगळीकडे शोधलं. खरंच उडवलंय.

म्हणून ही पोस्ट.

त्या दिवशी हॉलमध्ये तुमच्यातले कितीतरी जण फोन वर धरून शूट करत होते. मी स्टेजवरून वैतागलेही होते. आता हात जोडते, ज्याच्याकडे जे असेल ते पाठवा. फाटका आवाज चालेल, मधल्या तुमच्या गप्पा चालतील. प्लीज, काही कापू नका.

त्याची आई कधीच आमच्या कार्यक्रमाला आली नाही. "मले डोकं दुखते त्या आवाजानं," म्हणायची. मघाशी आतल्या खोलीत तिनं माझा हात धरला. "त्यानं चहा मांगला होता वं. मी ठेवूनच राहिली होती."

मग म्हणाली, "तुमचं ते रेकॉर्डिंग मले ऐकव. त्याच्यात बोलते ना तो?"

मी हो म्हटलंय.

मंगेश, मित्रा, शेवटचा नमस्कार.