वांगाची छत्री

आम्ही दोघांनी शेवटचं मिळून काय केलं असेल, तर वालाच्या शेंगा काढल्या. म्हणजे तिनं काढल्या. मी छत्री धरून उभा होतो.

खाडीकडच्या आमच्या शेतात भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरतात. शेंगा बायका काढतात, पुरुष बांधावर बसून बिडी ओढतात. त्यात हा म्हातारा बायकोच्या डोक्यावर छत्री धरून ओळीओळीनं फिरतोय म्हटल्यावर शेजारच्या शेतातली वहिनी गप्प बसणार थोडीच.

"काय भावजी, पालखी कुठं निघाली?"

"जूचंद्रला. नातीच्या लग्नाला."

खोटं नव्हतं ते. सगळा खटाटोप लग्नासाठीच चालला होता. बायकोच्या तोंडावर वांग होता, दोन्ही गालांवर काळे डाग. धाकट्याच्या वेळी पोटुशी असताना आला, तो गेलाच नाही. मी म्हणायचो, "एका गालावर वसई, दुसऱ्यावर अर्नाळ्याचं बेट." ती म्हणायची, "तुमचं अख्खं तोंडच काळं, बेट काढायला जागा तरी आहे का?"

घरात अशी फाडफाड बोलायची, पण लग्नात कॅमेरा आला की कुणातरी उंच बाईच्या मागं लपायची. घरातल्या एकाही फोटोत ती पुरती नाही. नातीनं बजावलं, "आजी, माझ्या लग्नात पुढं उभी राहिली नाहीस तर मी हारच घालनार नाय."

तेव्हा उपाय सुरू झाले. जायफळ उगाळून लावलं. लिंबू चोळलं, तर आग आग झाली. मग भावजयीनं मेडिकलमधली एक ट्यूब आणून दिली. थोडे दिवस बाई गोरीपान. मग गाल लाल झाले आणि डाग पहिल्यापेक्षा काळे. शेवटी नात तिला विरारला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही गेलो.

"आजी, आधी ती ट्यूब फेका," बाई म्हणाल्या. "वांग मुळासकट काढून देतो असं कुणी सांगितलं तरी भुलू नका. तो फिका पडतो. ऊन लागलं की परत येतो." रात्रीचं एक मलम दिलं, दिवसाचं उन्हासाठी वेगळं. आभाळ असलं तरी लावायचं. चुलीची धगसुद्धा टाळायची. वर टोपी नाहीतर छत्री.

"छत्री धरली तर शेंगा कोन काढील? तुम्ही?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. "हे रिकामेच बसलेत ना? यांच्या हातात द्या."

झालं. माझी बिडी सुटली आणि छत्री लागली.

पण डाग उतरत गेले. चहात दूध वाढवत जावं तसे. त्या दिवशी शेंगा काढताना ती ओरडली, "सरळ धरा. अर्धा गाल उन्हात आहे."

"कोनता?"

"तुम्ही बघत नाय तो."

संध्याकाळी तिनं आरशात बराच वेळ तोंड बघितलं. म्हणाली, "लग्नात मी पुढं उभी राहीन. तुम्ही मागं जावा, फोटो काळा येईल." मलम लावून झोपली. पहाटे हाक मारली तर उठली नाही.

सकाळी बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून सगळ्या तिला नशीबवान म्हणत होत्या. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. चेहरा उघडाच ठेवतात आमच्यात. मुलानं मडकं धरलं, तिरडी उचलली. अंगणात आली तर लख्ख ऊन.

मी दारामागची छत्री काढली.

धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "दादा, पाऊस नाय. छत्री कशाला?"

"ऊन आहे," मी म्हटलं, आणि तिच्या उशाशी चालायला लागलो. छत्री एका बाजूला कलली. शेजारची वहिनी बायकांबरोबर अंगणाच्या कडेला उभी होती. पदर तोंडात धरून रडत होती. तशीच म्हणाली, "भावजी, सरळ धरा. अर्धा गाल उन्हात आहे."

मी सरळ धरली.