अक्का आबांशी बोलल्या ती आखाजी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. माझी अडचण एवढीच होती की माहेरी आई नव्हती. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात आबा, म्हणजे माझे वडील, भाऊ आणि वहिनी. वहिनी रोज शाळेत शिकवायला जायची, भाऊ शेतात. धुळ्याला सासरीच राहावं, असं जवळजवळ ठरलं होतं. पण पाय आपले माहेराकडे ओढत होते. आई नसलेल्या घरात मला काय मिळणार होतं, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एकदा जेवताना मी तसं बोलून गेले. सासूबाईंनी ताटावरची नजर न उचलता म्हटलं, "मंग मी येस तुनासंगे."

नवऱ्याला वाटलं, थट्टा करतायत. विहीणबाईंनी व्याह्यांच्या घरी महिना-दीड महिना मुक्काम ठोकायचा, हे आमच्या दोन्हीकडच्या गोतावळ्यात कुणी ऐकलं नव्हतं. पण सासूबाईंनी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, दुसऱ्या दिवशी डिंक, सुंठ आणि खारका आणून पिशवी भरायला घेतली.

माझं माहेर एरंडोलजवळच्या एका खेड्यात. चैत्राच्या उन्हात आम्ही दोघी तिथे पोचलो आणि त्या दिवसापासून मी दुभाषी झाले. अक्का जुन्या वळणाच्या. व्याही समोर आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या आणि भिंतीकडे बघायच्या. आबा तर त्याहून संकोची. शिवाय त्यांनी उभी हयात पिठाची गिरणी चालवलेली, त्या घरघराटात कान गेलेले. अक्कांचा आवाज इतका हळू की तो आबांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. मग अक्का मला सांगायच्या, "त्यासले इचार, भाकर वाढू का?" मी ओरडून आबांना विचारायचे. आबा मला सांगायचे, "त्यांना म्हणावं, आधी तुम्ही जेवून घ्या." मी ते मान वळवून अक्कांना सांगायचे. तिघंही एकाच खोलीत, चार हातांवर. भाऊ चेष्टेने म्हणायचा, "तुझी डिलिव्हरी झाली की यांचं बोलणंच बंद पडणार."

मी आल्यापासून बाळ पोटात सारखं लाथा मारत होतं. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तारीख अजून बरीच पुढची सांगितली होती. आधी आखाजी होईल, वहिनी तिच्या माहेराहून परतेल, मग सावकाश जळगावला जाऊ, असा आमचा हिशेब.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. गावातल्या प्रत्येक कडुनिंबाला झोका बांधलेला असतो आणि पोरी दिवसभर गाणी म्हणत झुलतात. पुरुष ओट्यावर पत्ते खेळतात, त्या दिवशी त्यांना कुणी काही बोलत नाही. मात्र लेकी येतात तशा सुना जातातही. आमची वहिनीही पहूरला तिच्या माहेरी निघाली. भाऊ तिला सोडायला आदल्या दिवशीच गाडी घेऊन गेला होता आणि सणाच्या दुपारी जेवायला परतणार होता. त्यामुळे आखाजीच्या सकाळी घरात आम्ही तिघंच होतो.

अक्कांना मांडे येतात याची कीर्ती धुळ्यात मोठी. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण लाटायची नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि उपड्या मातीच्या खापरावर टाकायचा. परसात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करून अक्का मांडे करायला बसल्या. मी त्यांच्याजवळ पाटावर बसून आंबे पिळत होते. आत देवघरापाशी आबांनी आईच्या नावाची पाण्याची घागर मांडली होती. त्या दिवशी आपली गेलेली माणसं घरी जेवायला येतात, असं आम्ही मानतो. निखाऱ्यावर तूप आणि मांड्याचा घास घालायचा, त्याला आगारी म्हणतात. आगारी झाली की मगच घरच्यांनी जेवायचं.

कंबर पहाटेपासून दुखत होती. पण ती तर महिनाभर दुखतच होती. मी कोपरापर्यंत रसात बरबटलेली. एकदम पायांखाली ओलं ओलं लागलं. मला वाटलं, पातेलं कलंडलं. बघितलं तर पातेलं जागच्या जागी होतं.

"अक्का," मी म्हटलं, "काहीतरी झालं."

अक्कांच्या हातांवर मांडा होता, तो अर्ध्यावर खाली ठेवता येत नाही. त्यांनी तो झटकन खापरावर टाकला आणि माझ्याकडे वळून बघितलं. मग पाटाखालच्या ओल्याकडे. चुलीतल्या पऱ्हाट्या बाहेर ओढून त्यांनी त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. तेवढ्यात मला पहिली खरी कळ आली. खरी म्हणजे काय, ते ती आल्यावरच कळतं. मी पाटावरून पुढे वाकले आणि जमिनीवर रसाचे दोन हात उमटले.

"घाबरू नको, मी शे ना," अक्का म्हणाल्या. मला धरून त्यांनी घरात आणलं, खाटेवर टेकवलं. आबा घागरीपुढे फुलं वाहत होते, आमच्याकडे पाठ करून.

"त्यासले सांग," अक्का मला म्हणाल्या, "गाडी देखा म्हना."

मी तोंड उघडलं आणि दुसरी कळ आली. माझ्या तोंडून नुसतं कण्हणं बाहेर पडलं. आबांना तेही ऐकू गेलं नाही.

अक्का क्षणभर थांबल्या. मग डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला तरी तो न सावरता त्या आबांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊ!" त्या ओरडल्या. एवढा आवाज त्यांच्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "भाऊ, गाडी देखा! पोरले कळा लागन्यात!"

आबा दचकून मागे सरले. एकदा माझ्याकडे, एकदा घागरीकडे त्यांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. आईची आगारी व्हायची होती. ती जेवायला येऊन बसली होती आणि आपण तिला तशीच सोडून निघायचं?

"हिची आगारी..." ते पुटपुटले.

"विहीणबाई समजी लेतीन," अक्का तितक्याच मोठ्याने म्हणाल्या. "त्यासनीच पोर शे ना ही! बठ्ठं राहू द्या नि जा!"

आबा अनवाणीच बाहेर पळाले.

माझा भाऊ गाडी घेऊन पहूरला. शेजारच्यांची जीप नवस फेडायला गेलेली. पण आमच्या दारासमोरच्या कडुनिंबाखाली एक व्हॅन उभी होती आणि तिच्याभोवती पोरींची गर्दी. दर आखाजीला एरंडोलहून एक मणियार जोडपं बांगड्या घेऊन आमच्या गावात यायचं. माहेरवाशिणींनी बांगड्या भरल्याशिवाय सण होत नाही. चाचा व्हॅनमधून खोके काढून द्यायचे आणि चाची पोरींचे हात दाबून दाबून बांगड्या चढवायची. माझ्या लग्नाचा चुडाही तिनेच भरला होता.

आबांनी त्यांना काय सांगितलं, ते मला कळलं नाही. पण चाची धावत घरात आली. तिने माझा घामेजलेला चेहरा बघितला आणि दारातून हाक मारली, "अहो, खोके उतरवा! लवकर!" पोरींनीच हातोहात खोके आमच्या ओट्यावर रचले. सगळे उतरवायला वेळ नव्हता, उरलेले तसेच राहिले. मध्ये गोधडी अंथरून मला आडवं केलं. डोकं अक्कांच्या मांडीवर, पाय चाचीच्या. पुढे चाचा आणि त्यांच्या शेजारी आबा. झोक्यावरच्या पोरींनी गाणं थांबवलं होतं. कुणीतरी ओरडलं, "अक्का, मुलगी झाली तर आमच्या झोक्यावर पहिला नंबर तिचा!"

गावापासून हमरस्त्यापर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला उरलेल्या खोक्यांतल्या हजारो बांगड्या एकदम किणकिणायच्या. कळ आली की मला तो आवाज माझ्या अंगातूनच येतोय असं वाटायचं. अक्का पुढे ओरडत होत्या, "भाऊ, त्यासले सांगा, हळू चालाडा!" आबा मागे वळून, "काय म्हणता?" "हळू!" मग आबा चाचांना, "हळू म्हणताय्‌त!" हमरस्ता लागला, कळा जवळजवळ येऊ लागल्या आणि अक्कांचा सूर बदलला, "भाऊ, आते जोरमा!" "काय?" "जोरमा, जोरमा!" चाचा हसून म्हणाले, "आबा, मला ऐकू येतंय, तुम्ही राहू द्या." त्यावर त्या दुखण्यातही मला हसू आलं. चाचीने माझा तळवा चोळत म्हटलं, "हसतेय ना बेटा? मग होतंय सगळं नीट. लंबी साँस घे."

जळगाव पुढे राहिलं. एरंडोलच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला तपासलं आणि सांगितलं, "आता कुठे न्यायचं नाही. इथेच." तिथल्या डॉक्टरीणबाई क्वार्टरमधून आल्या, न्हालेल्या केसांवर टॉवेल गुंडाळलेला. टॉवेल काढून टोपी चढवता चढवता त्यांनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"मी," अक्का म्हणाल्या.

"आई का?"

अक्कांनी पदर कमरेला खोचला. त्या आत आल्या.

पुढचं मला सलग आठवत नाही. पांढऱ्या फरशा आठवतात, छताचा पंखा आठवतो. एवढ्या गरमीत मला थंडी वाजत होती. लाज वाटून मी ओठ चावून गप्प राहायला बघत होते, तेव्हा अक्का कानाशी म्हणाल्या, "वरड तू खुशाल. बाहेर तुना बाप शे, त्याले तसंबी ऐकू येत नही." सिस्टर फिस्सकन हसल्या. मग मात्र मी ओरडले. किती ओरडले! त्या ओरडण्यात "आई गं, आई" असं सारखं येत होतं. सगळ्याच बायकांच्या तोंडी येतं ते. पण मी शेवटी शेवटी खरोखर तिलाच बोलावत होते, माझ्या आईला, आणि ती येत नाही म्हणून रडतही होते. अक्कांनी पदराचं टोक ओलं करून माझ्या कपाळावर धरलं.

मुलगी झाली. तिने आधी रडायला जरा वेळ लावला. त्या वेळात खोलीत कुणी हललं नाही. मग तिने जो टाहो फोडला, तो ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आखाजीला माहेरी आली आणि एवढा राग?"

अक्का दाराबाहेर गेल्या. मला आतून सगळं ऐकू येत होतं, मलाच काय, अख्ख्या दवाखान्याला ऐकू येत होतं. "भाऊ, नात व्हयनी!" "काय?" "नात! नात!" चाचीने नंतर सांगितलं की आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि तोंडावर धरून भिंतीला टेकून उभे राहिले.

दुपारी माझ्या भावाचा फोन आला. घर सताड उघडं, ओट्यावर बांगड्यांचे खोके, चूल विझलेली आणि खापरावर अर्धा भाजलेला मांडा, हे बघून तो हबकून गेला होता. त्याला सगळं सांगितल्यावर त्याने आधीच्या मांड्यांतला एक घेऊन आईची आगारी घातली आणि मगच तो दवाखान्यात आला. नवरा धुळ्याहून बसने येत होता. तो एरंडोलच्या स्टॅंडवर उतरून भलंमोठं टरबूज खांद्यावर घेऊन धावत आला. टरबूज कुठे ठेवावं ते न कळून त्याने ते सिस्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि बाळाकडे बघतच राहिला. चाचा-चाची संध्याकाळपर्यंत थांबले होते. निघताना चाचीने बाळाच्या मुठीत बोट दिलं आणि म्हणाली, "हिचं माप मी घेऊन जाते."

सगळे बाहेर गेल्यावर अक्का माझे केस विंचरत बसल्या. हळूच म्हणाल्या, "तू तुनी मायले बलावत व्हती."

मला ओशाळल्यासारखं झालं. "अक्का, तसं नव्हतं..."

"कसं नव्हतं? बलावालेच पाहिजे." गुंता सोडवत त्या म्हणाल्या, "आज तर आखाजी, त्या येलच शेत. बरं व्हयनं, आजच बलावलं." एवढं बोलून त्यांनी माझी वेणी घालून दिली, घट्ट, शाळेतल्या पोरीची घालतात तशी.

ऊन उतरलं तेव्हा मी पडल्या पडल्या दाराबाहेर बघत होते. बाळ माझ्या कुशीत झोपलं होतं. बाहेरच्या बाकावर अक्का बसल्या होत्या. आबा बाहेरून आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली गरम भजी होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्यांनी पुडी मधोमध उघडून ठेवली.

"सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाही," ते त्यांच्या ठणठणीत आवाजात म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"तुमीनबी नही खादं," अक्का तशाच मोठ्याने म्हणाल्या.

"काय?"

"तुमीनबी खा म्हनतस!"

आबांनी एक भजं उचललं. अक्कांनीही उचललं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने मला विचारलं, "तुझे आईवडील का गं?" मी तिला सगळं नीट सांगणार होते, पण डोळे मिटत चालले होते. बाहेर अक्का आबांना सांगत होत्या की मिरचीचं भजं तिखट आहे, जपून खा. आबांना ते ऐकू गेलं नाही आणि त्यांना ठसका लागला.