जावयाला न सांगितलेलं दुखणं

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ज्याने केली त्याने आमचं घर पाहिलं असावं. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता. वलगावात आमच्या घरचं औषध म्हणजे त्याने पाठवलेली बाटली. माय त्याच्याशी दाराआडून, पदर सावरत बोलायची. दुखायचं एक आणि सांगायची भलतंच. कंबर म्हणाली, त्याने चोळायला तेल दिलं. उष्णता म्हणाली, त्याने पोट साफ व्हायचं औषध दिलं. बिचारा जावई तरी काय करणार.

मळ्यातली भाजी घेऊन आम्ही मायलेकी पहाटे बैलबंडीने अमरावतीच्या बाजारात जायचो. निघताना माय पाण्याचा घोटही घेत नसे. बाजारात बायकांना जायला आडोसा नव्हता, हे खरंच. पण दिवसभर ओठ कोरडे ठेवूनही ती मधूनच उठून कुंपणाकडे धावायची. खोकला आला की मांड्या आवळून उभी राहायची. मी सातवी पास, एकोणीस वर्षांची, जगातलं सगळं कळणारी. “माय, किती खेपा उठतं? गिऱ्हाईक चाललं जाते,” असं चारचौघींत तिला बोलायचे. रिद्धपूरच्या यात्रेला मोटारीने जायचं ठरलं की नेमकं तिचं डोकं दुखायचं, आणि माझं उठायचं.

त्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत तिला हुडहुडी भरून ताप आला. मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा थंडी वाजून आलेला प्रत्येक ताप हिवतापच. जावयाने कोयनेल पाठवलं. चार दिवस ती ते कडू औषध मुकाट्याने गिळत राहिली आणि पाठीत कळ आली की भिंतीला टेकत राहिली. पाचव्या दिवशी तिच्यामागून न्हाणीत गेले, तर मोरीत रक्त.

“हे कवापासून?” मी विचारलं.

“जळजळ त नेहमीचीच हाय. रक्त कालपासून. जावायाले सांगू नको.”

माझं टाळकंच फिरलं. मरायला टेकलेल्या बाईला अजून जावयापुढच्या लाजेचीच पडली होती. भाजीच्या बंडीत गोधडी टाकली, तिला निजवलं आणि अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून मला आत बोलावलं. अंग बाहेर येतं, त्यामुळे लघवी पुरती होत नाही, साचून राहते. त्यात ही पाणी पीत नाही, म्हणून दाह मूत्रपिंडापर्यंत चढला, असं त्यांनी सांगितलं. “जळजळ होते, लघवी गळते, खाली ओढल्यासारखं वाटतं, यातलं काहीही झालं की यायचं. थंडीताप आणि रक्त असलं तर त्याच दिवशी. अजून दोन दिवस घरी ठेवली असती तर ही हाती लागली नसती.” मग त्यांनी मायला विचारलं, “अंग कधीपासून बाहेर येतं?”

मायने हनुवटीने मला दाखवलं. “हे पोरगी झाली तवापासून. वांगे तोडनीले आले होते. आठव्या दिवशी टोपलं उचललं.”

दोन आठवडे ती दवाखान्यात होती. ताप उतरला. अंग आत राहावं म्हणून बाईंनी रबरी कडं बसवलं आणि टोपलं उचलायला बंदी केली. ती जरा उठून बसायला लागताच मी तिला फैलावर घेतलं.

“मले काहून नाई सांगतलं? मी त पोरगी आहो ना तुही.”

“तू कवा इचारलं?” ती म्हणाली, आणि कूस बदलून निजली.

राग तेवढा उरला, आणि तो माझा मलाच पुरून उरला.

आता मात्र मी विचारते. सुनेला, भाचीला, बाजारात शेजारी बसणाऱ्या माळणीला, आडवळण न घेता तोंडावर विचारते. बायका पदर तोंडाला लावतात, मला निर्लज्ज म्हणतात. म्हणोत बापड्या. उत्तर मिळाल्याशिवाय मी तिथून हलत नाही.