न खाल्लेली द्राक्षं

मी अर्शाविर. अश्ताराकच्या बाजारात पन्नास वर्षं बूट दुरुस्त करतोय. बुटाला तळ ठोकताना तोंडात खिळे धरतो, तेवढाच वेळ मी गप्प असतो, असं माझी बायको हायकानुश म्हणते.

जूनमध्ये येझ्निक यांना आमच्या प्रांताचे बिशप म्हणून नेमलं. हे त्यांचं दीक्षेचं नाव; माझ्यासाठी तो शेजारचा झावेन. त्याच्या लहानपणाची माहिती काढत टीव्हीवाली मुलगी दुकानात आली, तेव्हा नेमका माझ्या तोंडात एकही खिळा नव्हता.

"आम्ही दोघांनी सरकारी मळ्यातली द्राक्षं चोरून खाल्ली होती," मी छाती फुगवून सांगितलं. "तीही सणाच्या आधी!"

आमच्याकडे ऑगस्टच्या सणाला चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद मिळतो, तोवर कुणी मणी तोंडात टाकत नाही. खरं तर मी एकट्यानेच पोट दुखेपर्यंत खाल्ली होती. झावेन कुंपणापाशी पहारा देत होता. आजीला शब्द दिलाय म्हणून त्याने एक मणीही घेतला नाही. पण 'दोघांनी' म्हटल्यावर माझा भाव वाढतो ना!

झालं, गावभर बोभाटा. "आशीर्वादाआधी खाणारा आम्हाला काय आशीर्वाद देणार?" म्हणत लोकांनी सह्या गोळा केल्या. सणाच्या दिवशी त्याला चर्चच्या पायरीवरच अडवायचं ठरलं. बातमीदारांनी त्याला छेडलं, तर तो एवढंच म्हणाला, "हो, मी त्या मळ्यात होतो."

"खाल्लं तुम्ही, अजीर्ण त्याला!" हायकानुश कडाडली. "तो तुमचं नावसुद्धा घेत नाही, आणि तुम्ही घरात लपून बसा!"

मला माझीच लाज वाटली.

सणाच्या सकाळी चर्चसमोर मी त्या टीव्हीवालीला गाठलं आणि सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "आजोबा, कॅमेरा अजून सुरू व्हायचाय."

मग पायरीवर चढून ओरडलो, "मी खोटं बोललो! द्राक्षं मी खाल्ली, त्याने एकही नाही!"

"अर्शो, तुझं कुठलं बोलणं खरं मानायचं?" सह्यांचा कागद धरलेल्या माणसाने विचारलं.

"पन्नास वर्षांत तुमच्या बुटांबद्दल कधी खोटं बोललो का?"

"दोनदा!" तो म्हणाला.

"तीनदा," मी म्हटलं. "एक तुला अजून कळलेलं नाही."

लोक हसले. त्याने आधी बुटांकडे पाहिलं, मग कागद खिशात घातला. बिशप आले, त्यांना कुणी अडवलं नाही.

आशीर्वाद झाल्यावर ते स्वतः द्राक्षं वाटत माझ्यापाशी आले. मी मान खाली घातली. घोस माझ्या हातात देऊन त्यातलाच एक मणी त्यांनी तोडला.

"अर्शो," झावेन हळूच म्हणाला, "आज मी खातो. पहारा तू दे."

मी खरंच दाराकडे तोंड करून उभा राहिलो. डोळे पुसायला तेवढाच आडोसा.