बेबाबाईनं चारी वळवली

आमच्या बेबाबाई अक्काला ओळखत नाही असा माणूस गावात सापडणार नाही, आणि तिच्याशी एकदा तरी भांडला नाही असाही सापडणार नाही. मी तिची धाकटी जाऊ, कमल. आधी एका चुलीवर आणि आता एका बांधावर आमचं आयुष्य गेलं, म्हणून मी सांगते तेच खरं धरा. बाकीचे लोक फार तिखटमीठ लावतात.

अक्का साक्रीकडची. माहेर सुटून जन्म गेला, पण तिकडची बोली काही सुटली नाही; 'आहे'ला ती अजून 'शे' म्हणते. आमच्याकडे कोणी तसं बोलत नाही, म्हणून पोरंटोरं तिला 'शे अक्का' म्हणून चिडवतात. चिडवलं की ती आणखी मोठ्यांदा 'शे' म्हणते. आवाज तर काय विचारता! पंपघरापाशी उभी राहून हाक मारते आणि गावात पिठाच्या गिरणीवर रतिलालभाऊ, म्हणजे तिचा नवरा, डबा तिथेच टाकून निघतात.

आमचं गाव वरणगावच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्यावर. केळीच्या बागा सगळ्या ह्या पाण्यावर. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की खाली गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यात अक्का आणि मी टरबूज-काकडी लावतो. त्याच दिवसांत आमच्या सामाईक मोटारीजवळचं पाणीही लांब जातं. मग दरवर्षी सगळे शेतकरी मिळून जेसीबी लावतात आणि लांब गेलेल्या पाण्यापासून मोटारीपर्यंत चारी खोदून आणतात. त्याची परवानगी असतेच. मोटार एक आणि बागा अनेक, म्हणून प्रत्येकाला पाण्याची पाळी ठरलेली. पाळी चुकली तर सख्खा भाऊसुद्धा सोडत नाही, एवढं लक्षात ठेवा.

त्या उन्हाळ्यात आमच्या टरबुजांच्या समोर, पाण्यात एक वाळूचं बेट वर आलं आणि त्याच्यावर पांढरे पक्षी उतरले. पिवळीधम्मक चोच, डोक्यावर काळी टोपी, शेपटी कात्रीसारखी. घरटं म्हणाल तर काडी नाही की पान नाही. उघड्या वाळूत टाचेएवढा खळगा आणि त्यात अंडी! मला तर रागच आला. म्हटलं, एवढे पंख दिले देवानं, जरा झाडावर जायला काय धाड भरली होती?

अक्का गुडघाभर पाण्यातून बेटावर गेली. एप्रिलचं ऊन, वाळू नुसती तापलेली. तिला अंड्यांची कीव आली. आम्ही केळीचं नवं रोप लावलं की उन्हाच्या बाजूनं त्याला आडोसा करतो ना, तसाच तिनं एका खळग्यावर केळीच्या वाळक्या पानांचा आडोसा केला. मोठं पुण्य केल्यासारखी परत आली. झालं भलतंच. पक्षीण वरून नुसती किंचाळत फिरे, पण त्या पानांजवळ उतरेना. अंडी तशीच तापत पडली. अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. धावत गेली, पानं ओढून काढली आणि पाण्यात फेकली. ती किनाऱ्याला लागते न लागते तोच पक्षीण अंड्यांवर येऊन बसली. "मी कसाले मधमा पडनू व माय," म्हणत अक्कानं स्वतःच्याच गालावर चापट मारली. मी खूप हसले, आणि तिनं मलाही एक मारली.

पण त्यानंतर तिचं लक्ष तिकडेच. एक दिवस मला खेचून दाखवायला घेऊन गेली. पक्षीण उडाली, पाण्यावर उतरून पोट भिजवलं आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं नर आला, ती उठली, तो बसला. दोघं आळीपाळीनं अंडी गार ठेवत होते. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. अक्का म्हणाली, "आपण केळले पाणी देतस, ह्या अंडास्ले देतस." तेव्हापासून ती पक्षी असं म्हणेना. 'मन्ह्या बाया' म्हणायची.

वनखात्याची पुनम नावाची पोरगी मोटरसायकलवर आमच्याकडे फेरीला येते. तिनं सांगितलं की ह्याला नदी सुरय म्हणतात. नदीतल्या अशा मोकळ्या बेटांशिवाय तो कुठे अंडी घालत नाही, आणि आता नद्यांवर अशी बेटंच राहत नाहीत, म्हणून तोही कमी होत चाललाय. "काकू, पाणी आहे तोवर भीती नाही," ती म्हणाली. "पाणी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री आत जातात. मग एकही अंडं उरत नाही."

आणि पाणी तर रोज उतरत होतं!

एका सकाळी आम्ही काकड्या तोडत होतो. अक्का एकदम ओरडली, "देख वं कमल, कुत्रा बेटवर गयात!" बेटामागचं, म्हणजे आमच्या काठाकडचं, पाणी आटून चिखलाची पट्टी वर आली होती आणि तीन-चार कुत्री त्यावरून आत चालली होती. अक्का काकड्या तिथेच टाकून धावली. पदर खोचलेला, हातात खुरपं, तोंडात अशा शिव्या की मला इथे सांगता येणार नाहीत. मी मागून. कडेचे काही खळगे कुत्र्यांनी साफ केले होते. वरती सगळा थवा आक्रोश करत होता. कुत्री हाकलली, पण परत येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. अक्का चिखलात मटकन बसली आणि खरंच रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा ती लोकांना चहा देत फिरत होती.

नेमकी त्याच दिवशी पंपघरापाशी चारीची बैठक. आमच्यात वडीलधारे जीवरामनाना. नाना आखायचे ती चारी सरळ: पाण्यापासून मोटारीपर्यंत, बेटाला वळसा न घालता. अक्का तशीच चिखलानं भरलेली तिथे गेली.

"नाना, औंदा चारी सरळ नका काढू. बेटन्या मांगतून काढा. काठ न् बेटन्या मधमा पाणी ऱ्हाई, कुत्रा जाव्हत नही."

नानांनी टोपी काढून परत घातली. "बेबाबाई, तुले येड लागलं का? मागून दीडपट लांब होते. चार पाखरांसाठी सगळ्यायच्या बागा वाळवू का मी?"

"आणि कुत्र्याले पोहता येते," मागून कोणीतरी म्हणालं.

"येस ना! पण आधी चिखलमा उतरनं पडस. न् काठले मी बाभुळन्या काट्या लावस."

तेवढ्यात पुनमही पोचली होती. तिनं आणखी एक अडचण सांगितली. मशीन दिवसा चालवायचं नाही. आवाजानं पक्षी उठले आणि भर उन्हात अंडी उघडी पडली तर तिथेच शिजतील. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत काम करायचं, मग संध्याकाळी. म्हणजे काम आणखी लांबणार! लोक एकदम कलकलले. आणि त्यांचंही चूक नव्हतं हो. केळी निसवायला लागली होती, घड बाहेर पडत होते. अशा वेळी पाणी तुटलं की घड पोसतच नाही. वर्षाची मेहनत त्या घडात असते.

अक्कानं सगळ्यांचं बोलून होऊ दिलं. मग म्हणाली, "मन्ही पाळी लई ल्या. चारी व्हई जावपावत बी, न् त्यान्ही मांगली बी. मन्हं पाणी तुम्ही वाटी ल्या. पण चारी मांगतून काढा."

म्हणजे चारी होईपर्यंतची पाळी तर गेलीच, त्यानंतरचीही गेली. तिची स्वतःची बाग निसवणीवर होती. मी रतिलालभाऊंकडे पाहिलं. ते बिचारे जन्मात बायकोच्या मध्ये बोललेले नाहीत. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "ती म्हणते ते माझंही." इतकंच. पण मी सांगते, त्या दिवशी मला माझ्या जेठांचा फार अभिमान वाटला.

नाना उठले, धोतर झटकलं. "पाणी नाही चढलं तं मी तुले सोडणार नाही, बेबाबाई," म्हणाले आणि जेसीबीवाल्या ज्ञानेश्वरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे काम सुरू. सगळं गाव काठावर! आम्ही बायकांनी बाभळीच्या फांद्या ओढून आणल्या, हात रक्ताळले. ज्ञानेश्वर बेटापासून अंतर राखून माती उपसत होता. पक्षी आधी उठले, गोंगाट केला, मग बघून बघून परत बसले. ऊन चढलं की मशीन बंद. संध्याकाळी परत. त्या धांदलीत मी दोनदा भाजीत मीठ घालायला विसरले आणि घरच्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

पुढच्या पहाटे, काम अगदी संपत आलेलं, आणि जेसीबी गाळात बसली! मागची चाकं नुसती गरगर फिरत आणि खाली खाली जात. ज्ञानेश्वरनं बकेट टेकवून उचलून पाहिलं. छे! इकडे सूर्य वर येतोय, तिकडे कुत्री काठावर येऊन बसलेली, जसं काही त्यांना कोणी पंगतीचं आवतण दिलंय.

"पऱ्हाट्या आणा वं! पऱ्हाट्या!" अक्का ओरडली. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या आम्ही चुलीसाठी घराघरात रचून ठेवलेल्या असतात. बायका पळाल्या. डोक्यावर भारे, तोंडात धूळ, जिला जमेल तशी. भारेच्या भारे चाकांखाली कोंबले. आणि पाहते तर काय, एक भारा जीवरामनाना स्वतः डोक्यावर घेऊन येत होते! "बघत काय राह्यल्या? दाबा!" ते आमच्यावरच खेकसले. ज्ञानेश्वरनं मशीन रेटलं, पऱ्हाट्या कडाकड मोडल्या, आणि जेसीबी अशी काही वर आली की सगळ्या बायकांनी एकच आरोळी ठोकली. त्यानं तोंडाशी उरलेला बांध दोन दणक्यांत फोडला.

पाणी आत शिरलं. आधी मळकट फेस, मग जाड धार. बेटामागून वळलं, काट्यांच्या कडेनं सरकलं. आम्ही काठाकाठानं त्याच्याबरोबर धावत होतो, म्हाताऱ्यासुद्धा! वळणापाशी ते जरा थांबल्यासारखं झालं. नाना श्वास रोखून उभे. मग ते चढलं, वळण घेतलं आणि मोटारीच्या खड्ड्यात कोसळलं.

"पाणी उनं! पाणी उनं वं!" अक्का दोन्ही हात वर करून नाचत होती, आणि पाणी आलं म्हणून तिच्या त्या साक्रीच्या बोलीत सगळं गाव ओरडलं, "उनं! उनं!" नाना पण ओरडले. मी ह्या कानांनी ऐकलंय.

पुढच्या पाळ्या सगळ्यांना मिळाल्या, अक्काला उशिरा. तिच्या पुढच्या रांगांचे घड बारीक राहिले ते राहिलेच. व्यापाऱ्यानं तोंड वाकडं केलं. त्यावर अक्का एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या गप्प राहण्यानं तो व्यापारीच बावचळला.

अंडी फुटली. वाळूच्याच रंगाची पिल्लं, हलली तरच दिसायची. कुत्री काट्यांपर्यंत येत, चिखलात पाय घालत, वरून थवा तुटून पडला की शेपूट घालून मागं फिरत. आम्ही ह्या काठावरूनच बघायचो. पलीकडे पाय ठेवायचा नाही, हा अक्काचा कायदा होता. नाना रोज येऊन चारीचं पाणी बघायचे आणि पाणीच बघतोय असं सगळ्यांना सांगायचे.

मग पिल्लं पंख मारायला लागली. एका सकाळी एक पिल्लू उठलं, भेलकांडत चारी ओलांडली आणि धप्पकन आमच्या काठावर पडलं. काट्यांच्या अलीकडे! एक तांबडं कुत्रं तिथेच टपलेलं. मी दगड शोधायला वाकले. अक्का मात्र बाभळीची फांदी घेऊन मध्ये जाऊन उभी राहिली होती. कुत्रं गुरगुरलं. तिनं फांदी आपटली. आणि वरून पिल्लाची आई आली ती थेट अक्काच्या डोक्यावर! टोचा मारला, वळली, पुन्हा मारला. मागोमाग बाप. पदर गेला, केस सुटले, कपाळावरून रक्ताचा ओघळ आला.

"अक्का, हट मागं! डोळा फुटेल!" मी ओरडले.

"मार माय, मार!" ती वर बघून हसत होती. "तुन्हं लेकरू शे, मार!" आणि जागची हलली नाही. कुत्र्याची तिथे डाळ शिजेना. ते काठाकाठानं निघून गेलं. पिल्लू पायांवर उभं राहिलं, पंख पसरले, पडलं, परत उठलं. आणि उडालं हो! चारीवरून, बेटावरून, पार मोकळ्या पाण्यावर. आई-बाप त्याच्या मागं.

मी पळत जाऊन अक्काच्या कपाळाला पदर लावला. मी रडत होते, का ते मला अजून सांगता येत नाही. ती मात्र आनंदानं आभाळात बघत होती.

"कमल," ती म्हणाली, "देखं का? तिनी माले वळखं बी नही वं!"