जाळीवरची फीत

चाळीस वर्षं पत्रा कापून, वाकवून, ठोकून ज्यानं हवेचे रस्ते बांधले, त्याला लोकांनी पत्रेवाला म्हणायला हवं. पण त्याला सगळे दोरेवाले म्हणत. कारण खिशात कायम सुती दोऱ्याचं रीळ. काम संपलं की तो शिडी चढायचा, वीतभर दोरा तोडायचा आणि जाळीसमोर धरायचा. दोरा जाळीच्या आत ओढला गेला, तर खोलीतली हवा बाहेर चालली आहे. आपल्या अंगावर उडाला, तर हवा खोलीत येते आहे. नुसता लोंबला, तर केलेलं काम भंगार. उतरवा सगळं आणि पुन्हा लागा. कोणी म्हणालं, "अहो, पंखा फिरतोय की," तर तो म्हणे, "पंखा मलाही दिसतोय. हवा दाखवा."

त्याच्याबरोबर एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेला एक मित्र होता. दोघांनी उस्तादाचा मार सारखाच खाल्ला होता. मित्राचा हात जास्त सफाईदार. त्याचा एक हट्ट असे. पत्र्याची कड दोनदा दुमडायची आणि कोपरा नखाएवढा गोल करायचा. पुढच्या माणसाचा हात कापू नये म्हणून. असं नको तिथे जास्तीचं काम करणारा दुसरा माणूस दोरेवाल्यांनी पाहिला नाही.

पुढे हा मित्र पर्स आणि पाकिटं बनवणाऱ्या एका कारखान्यात मुकादम झाला. तिथल्या चिकटवणीच्या खोलीत बारा बाया दिवसभर सोल्यूशनचे डबे उघडे ठेवून बसत. वास असा, की नवख्या माणसाचे डोळे चुरचुरावेत. मुकादमानं दोरेवाल्यांना बोलावलं. वास खेचून छपरावर सोडणारा डक्ट त्यांनी तीन आठवडे खपून बांधला. निवृत्तीआधीचं ते शेवटचं मोठं काम. रोज शिडी कोण चढणार, म्हणून त्यांनी जाळीला लाल फीत बांधली आणि बायांना सांगितलं, "फीत हलतेय तोवर चिंता नाही. थांबली की कामावरून उठायचं."

इथंच चुकलं. दोन गोष्टी सांगायच्या होत्या, त्यांनी एकच सांगितली.

वर्षभरानं त्यांची लेक त्याच खोलीत कामाला लागली. मुकादमानंच लावून घेतली. "तुझी लेक ती माझी लेक," म्हणाला. त्याची स्वतःची सूनही तिथेच होती. दोघी शेजारी बसत.

उन्हाळ्यात मालकानं खोलीत एसी बसवला. बाया खूश. पण लेकीचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी घरी येईपर्यंत ठणके. कधी मळमळे. सुट्टीच्या दिवशी मात्र ठणठणीत.

"वास येतो का गं फार?" त्यांनी विचारलं.

"पहिली दहा मिनिटं. मग नाक मरतं."

"आणि फीत?"

"हलते की. फडफडते चांगली."

"मग हवा बरी आहे. नीट जेवत नाहीस तू."

तरी ते एकदा बघायला गेले. मुकादमानं दारातच गाठलं. "ये दोरेवाले! चहा सांगतो. डक्ट झकास चालतोय. शिडी काढू का? पण तुझा गुडघा, बाबा... पडलास तर वहिनी माझ्या नावानं खडे फोडतील."

दोरेवाल्यांनी दारातून वर बघितलं. फीत फडफडत होती. खोली गार होती. चाळीस वर्षांत न चढता त्यांनी एकाही जाळीला पास केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. मित्राचा शब्द होता ना! चहा पिऊन ते घरी आले आणि लेकीला म्हणाले, "मी स्वतः बघितलंय. बिनधास्त काम कर."

बापाचा शब्द. ती करत राहिली.

दीड महिन्यानं एका दुपारी ती स्टुलावरून खाली घसरली. शेजारणींनी उचलून अंगणात आणली, तेव्हा शुद्धीवर आली. डॉक्टरनं तपासलं आणि औषध लिहायच्या आधी विचारलं, "दिवसभर श्वास घेता ती हवा कुठली?"

लेकीनं बापाकडे बघितलं. उत्तर त्यांच्याकडे होतं, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःची शिडी खांद्यावर टाकून कारखान्यात गेले. मुकादम आडवा आला. "अरे, कशाला? मी आहे ना इथे."

"तू आहेसच. बाजूला हो."

गुडघा पायरीपायरीला बोंबलत होता. वर पोचले आणि दोरा काढायचीही गरज राहिली नाही. लाल फीत त्यांच्या तोंडावर येऊन फडफडली. ती आत ओढली जायला हवी होती. जी जाळी हवा खेचायला बसवली, ती फुंकत होती.

स्क्रू काढून त्यांनी जाळी उतरवली. मागे टेबलावरचा असतो तसा छोटा पंखा, खोलीकडे तोंड करून बसवलेला. त्याचं काम एकच, फीत हलवायची. आणि त्याच्यामागे डक्टचं तोंड पत्र्यानं बंद. चारी बाजूंनी रिबिटं, वीतभर अंतरावर एक, अगदी ओळीत. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. कड दोनदा दुमडलेली होती. कोपरा नखाएवढा गोल.

हात कुठेच कापला नाही.

खाली बारा तोंडं वर बघत होती. त्यांनी पंखा खाली दिला, रिबिटं छिन्नीनं तोडली आणि पत्रा काढला.

"ऐक तरी," मुकादम हळू आवाजात म्हणाला. "एसीचा गारवा डक्टातून निघून जात होता. मालक रोज डोकं खायचा. बंद कर म्हणाला. मी काय करणार?"

"बंद करायचं होतंस. फीत का हलवलीस?"

"थांबली असती तर बाया उठल्या असत्या."

"त्यासाठीच बांधली होती ती!"

"त्या गारव्यात बऱ्या होत्या रे. कोणाची तक्रार नव्हती. मला वाटलं, एवढ्यानं काही होत नाही."

दोरेवाले क्षणभर त्या बोलण्याला भुलले. मूर्ख असेल, भित्रा असेल, पण जाणूनबुजून नसेल. तेवढ्यात कोपऱ्यातली सगळ्यात थोरली बाई बोलली, "होत नाही? मग तुमच्या सुनेला एसी लागला त्याच आठवड्यात कारखान्याच्या पुढच्या दुकानात कसं बसवलंत हो? आम्हाला सांगितलंत, तिचं गिऱ्हाइकांशी बोलणं गोड आहे!"

मुकादमानं मान खाली घातली. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, तो असा होतो. केसानं गळा कापणारा निदान आपलाच केस वापरतो. यानं दोरेवाल्यांची फीत वापरली.

"पत्रा दे," मुकादम म्हणाला. "मालकाला मी समजावतो. बाहेर बोलू नकोस. आपण एका ताटात जेवलोय."

दोरेवाल्यांनी पत्रा दिला नाही. तो थोरल्या बाईच्या हातात ठेवला. "मालक आला की दाखवा. कोणी केला तेही सांगा." मग रीळ काढून बाराजणींना वीत वीत दोरा तोडून दिला. एकेकीला शिडीवर चढवलं. "नुसता हलला तर काही खरं नाही. आत ओढला गेला पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी बघायचं नाही. माझ्यासुद्धा."

बाया त्या दिवशी सोल्यूशनचे डबे घेऊन अंगणात बसल्या. बंद ठेवलेला डक्टचा पंखा सुरू होऊन बाराही दोरे आत ओढले जाईपर्यंत, म्हणजे चार दिवस, कोणी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

लेकीनं ती नोकरी सोडली. डोकेदुखी थांबली. एका संध्याकाळी बायको भाजी परतत होती, खोलीत धूर कोंडला होता.

"धुराचा पंखा लावलाय ना?" लेकीनं विचारलं.

"लावलाय. ओढतोय चांगला. मी बघितलंय," ते म्हणाले.

 लेकीनं फळीवरून रीळ घेतलं, वीतभर दोरा तोडला, स्टूल ओढलं आणि चढली.

दोरेवाले उठले आणि स्टूल हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.